दर उन्हाळ्यात जुनी गाडी तापते: पाणी ओतण्याआधी कारण शोधा

मार्च सरत आला की जळगाव-भुसावळपासून शिरपूर-शहाद्यापर्यंतच्या गॅरेजांत एकच तक्रार ऐकू येते. गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी. आठ महिने कुरकुर न करता चालते आणि एप्रिल उजाडला की काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो. मिस्त्री रेडिएटरमध्ये पाणी भरून देतो, एखादा पाइप बदलतो, गाडी आठवडाभर बरी राहते. मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला निघावं, तर पारोळ्याच्या अलीकडेच बॉनेटमधून वाफ. जून लागून पाऊस पडला की दुखणं आपोआप जातं, आपणही विसरतो. पुढच्या एप्रिलात पुन्हा हजर.

"ऊनच एवढं, तापणारच" हे उत्तर सगळीकडे मिळतं. ते अर्धंच खरं आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा ३० वर असेल तर फरक ६०. मे महिन्यात भुसावळला हवा ४५ वर गेली की फरक ४५ उरतो, म्हणजे तोच रेडिएटर जवळपास एक चतुर्थांश कमी काम करतो. गाडी बनवताना एवढी सोय ठेवलेली असते. नवी गाडी याच उन्हात एसी लावून जळगाव-धुळे आरामात करते. जुन्या गाडीत ही राखीव ताकद आधीच संपलेली असते. नळ्यांत क्षार बसलेला, पंखा मंद, कॅपचं रबर कडक. हिवाळ्यात ते सगळं झाकून जातं. थोडक्यात, मेमध्ये तापणारी गाडी जानेवारीतही बिघडलेलीच होती. म्हणून कारण शोधायचा खरा मोसम फेब्रुवारी-मार्च आहे, घाटात उभं राहून नाही.

काटा चढलाच तर

आधी एसी बंद. मग हीटर पूर्ण गरमवर, त्याचा पंखा फुल, काचा खाली. मे महिन्यात हे केलं तर गाडीतले लोक वेड्यात काढतील, पण इंजिनचं गरम पाणी हीटरच्या छोट्या जाळीतूनही फिरतं आणि तेवढी उष्णता तिथून बाहेर पडते. काटा थोडा उतरतो, तेवढ्यात झाडाची सावली किंवा पेट्रोल पंप गाठता येतो. अडचण एवढीच की आपल्याकडे हीटर गळायला लागला की "खानदेशात हीटरचं काय काम?" म्हणत त्याचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकतात. तुमच्या गाडीत तसं केलेलं असेल तर हा उपाय चालणार नाही. ते घरीच बघून ठेवा.

काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसली तर गाडी कडेला, इंजिन बंद. रेडिएटरची कॅप उघडायची नाही. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि केवळ दाबामुळे उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते एकदम उसळून तोंडावर-हातावर येतं. ओलं फडकं टाकून लगेच उघडणारे बहाद्दर प्रत्येक ढाब्यावर भेटतात, त्यांना लांबून नमस्कार. अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा जाड पाइप हाताला कोमट आणि मऊ लागला, तरच फडकं धरून झाकण पाव फेरा फिरवा, उरलेला दाब जाऊ द्या आणि मग काढा. पाणी घालायचं ते इंजिन सुरू ठेवून, थोडं थोडं. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं किंवा त्याला तडा जातो, आणि मग काहीशे रुपयांचं काम हजारोंवर जातं.

काट्याची एक खोड लक्षात ठेवा. वर चढत चाललेला काटा मध्येच झटकन खाली, थंडवर येतो. "निवली बुवा" म्हणून लोक तशीच दामटतात. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणीच निघून गेलं की तो नुसत्या वाफेत लटकतो आणि कमी दाखवायला लागतो. काटा असा अचानक पडला तर त्याच क्षणी गाडी थांबवा, सावलीची वाट न बघता.

कधी तापते, ते आधी ठरवा

जाणत्या मिस्त्रीकडे गेलात तर तो आधी बॉनेट उघडत नाही. "काय भाऊ, आखो तपनी का गाडी?" (पुन्हा तापली का गाडी?) असं म्हणून तो पुढे विचारतो, "उभी असताना का चालताना?" या एका प्रश्नात अर्धं निदान आहे.

गाडी बाजारात, फाटकावर, टोलवर उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की निवते: तर पंखा बघा. चालत्या गाडीत समोरून येणारा वारा पंख्याचं काम करतो, उभ्या गाडीत फक्त पंखाच असतो. एसी लावल्यावरच तापत असेल तर पंखा किंवा जाळीतला कचरा, दोन्ही शक्य.

उलट, गावात ठीक पण हायवेला ८०-९० चा वेग धरला की काटा चढतो: तर पंख्याचा संबंध नाही, वारा भरपूर आहे. पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर आतून बुजलेला, वॉटर पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडणारा, किंवा खालचा पाइप आतून मऊ पडून ओढीने चपटा होणारा.

फक्त घाटात तापते, म्हणजे चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना किंवा तोरणमाळला जाताना: तर सगळंच थोडं थोडं कमी झालंय. यात एखादा खलनायक सापडत नाही, पूर्ण साफसफाई करावी लागते.

सकाळी थंड इंजिन सुरू करून दोन-चार मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, रेडिएटरला जोडलेल्या जास्तीच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात: तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग. आणि पाणी रोज कमी होतं पण खाली थेंब दिसत नाही, तेव्हाही संशय तिकडेच, किंवा गाडीत बसलेल्यांच्या पायाखाली. डाव्या बाजूची मॅट ओली, आत गोडसर वास, काचेवर आतून चिकट धुकं, म्हणजे हीटरची जाळी गळतेय.

हे सगळं एका कागदावर लिहा: वेग, एसी चालू की बंद, दुपार की रात्र, किती अंतरानंतर. मिस्त्रीला "गरम होते" एवढंच सांगितलं तर तो समोर जे सापडेल ते बदलतो. त्यात त्याचाही दोष नाही.

स्वस्तातलं आधी: कॅप

रेडिएटरची कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही. तिच्यात दोन झडपा असतात. एक आतला दाब ठरावीक आकड्यापर्यंत धरून ठेवते. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो याच दाबाचा. ०.९ चा दाब धरला तर साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८-१२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर चिरलं किंवा स्प्रिंग सैल झाली की ही वीस अंशांची सवलत गेली. मग काटा फार वर न जाताही पाणी उकळून बाटलीतून बाहेर वाहतं. दुसरी झडप इंजिन निवताना बाटलीतलं पाणी परत आत ओढते. ती अडकली तर सकाळी वरचा पाइप आत चपटा झालेला दिसतो, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा.

कॅप दुरुस्त होत नाही, बदलायची. काहीशे रुपयांत मिळते. फक्त आकडा तोच घ्या. "जास्त दाबाची टाक, जास्त टिकेल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, जुने पाइप आणि प्लास्टिकच्या टाक्या तो दाब सोसत नाहीत.

पंखा

इंजिन सुरू ठेवून गाडी उभी करा, एसी बंद. काटा मध्याच्या जरा वर गेला की पंखा फिरला पाहिजे, काही मिनिटांत बंद झाला पाहिजे, परत फिरला पाहिजे. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे पंख्याला करंट जोडणारा छोटा स्विच. रिले तपासायची सोपी युक्ती: बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा किंवा लाइटचा रिले त्याच मापाचा असतो, तो काढून तिथे लावून बघा. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत रेडिएटरला किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ दोन वायरींचा फॅन स्विच असतो. किल्ली चालू ठेवून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि पंखा फिरला, तर स्विच गेला. नाही फिरला, तर मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघा. इंजेक्शनच्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो. तिथे वायरी जोडायचा प्रयोग करू नका, वायरमनला स्कॅनर लावू द्या. आणि हे करताना पंख्यात हात नको. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा फिरायला लागतो.

पंखा फिरतोय म्हणजे ठीक आहे असंही नाही. मोटरचे कार्बन झिजले की तो फिरतो पण मरगळलेला. नव्या मोटरचा आवाज आणि वारा एकदा शेजारच्या गाडीवर बघून ठेवला की फरक कळतो. आणखी एक भानगड मोटर रिवाइंड करून आणल्यावर किंवा वायरी पुन्हा जोडल्यावर होते: पंखा उलटा फिरतो. इंजिनच्या बाजूला बसवलेला पंखा वारा समोरून आत ओढतो. उलटा झाला की तो गरम हवा पुढे ढकलतो, गाडी चालली की समोरच्या वाऱ्याशी झुंजतो आणि दोन्हीकडून नुकसान. ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. पंखा सुरू झाल्यावर तो जाळीकडे चिकटला पाहिजे. उडून तुमच्याकडे आला तर दोन वायरी अदलाबदल करा.

पंखा "डायरेक्ट" करून द्यायची पद्धत आपल्याकडे फार आहे. किल्ली फिरवली की पंखा सुरू. अडल्या वेळी घरी पोचायला ठीक. पण कायमचं केलं की मोटर लवकर झिजते, अल्टरनेटरवर भार राहतो, आणि स्विच गेलाय की रेडिएटर बुजलाय हे कधीच कळत नाही. त्यातही जाड वायर आणि रिले न घालता डायरेक्ट केला असेल तर वायर जळायची वाट बघायची.

जाळी: बाहेरून आणि आतून

खानदेशातल्या गाडीला एक खास आजार आहे. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या, टेम्पो रस्त्यावर येतात, जिनिंगच्या आसपास सरकी-कापसाची तूस सतत उडत असते. ती तूस, त्यावर काळ्या मातीची धूळ, आणि मध्ये मेलेले किडे. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे, दोघांमध्ये बोटभर फट. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. मागच्या रेडिएटरवर मात्र गोधडी पांघरलेली असते. सर्व्हिसिंगला समोरून पाणी मारतात, त्याने ही तूस आणखी आत दाबली जाते.

म्हणून फेब्रुवारीत एकदा वरच्या पट्टीचे बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागे कलवा आणि फटीत टॉर्च मारा. साफ करायचं ते इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळीच्या पाण्याने, हलक्या दाबाने. प्रेशर गन जवळून मारली तर पातळ पत्री आडव्या पडतात आणि वाटच बंद होते. आडव्या पडलेल्या पत्री जुन्या टूथब्रशने किंवा बोथट सुरीने सरळ होतात, वेळ लागतो. केळीची वाहतूक होते त्या रावेर-सावदा-यावल पट्ट्यात वाळलेल्या पानांचे तुकडेही ग्रिलमध्ये अडकलेले बघितलेत, पण ते निदान दिसतात.

आतून बुजलेला रेडिएटर ओळखायला महाग यंत्र लागत नाही. गाडी फिरवून गरम करा, बंद करा, किल्ली काढा, पंख्याची वायर सोडवून ठेवा, आणि जाळीवर हात फिरवा, चटका बसणार नाही इतक्या अंतराने सुरुवात करून. सगळीकडे सारखी किंवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू उतरत गेलेली ऊब लागली तर ठीक. मध्येच थंड पट्टे लागले तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही.

जुने रेडिएटर तांबं-पितळेचे. त्यांच्या टाक्या डाग काढून उघडता येतात, नळ्यांत सळई घालून क्षार काढता येतो. रॉडिंग म्हणतात ते हेच. हे काम जाणणारे कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणी अजून आहेत. नंतरचे रेडिएटर अॅल्युमिनियमच्या जाळीचे, प्लास्टिकच्या टाक्यांचे. त्यांना रॉडिंग जमत नाही. फ्लश करून सुधारले तर सुधारले, नाहीतर नवा घ्यावा. काही ठिकाणी तेजाब घालून रेडिएटर "एकदम मोकळा" करून देतात. अॅल्युमिनियमला तेजाब खातं. मोकळा होतो खरा, पुढच्या उन्हाळ्याआधी गळायलाही लागतो.

गळतीवर हळद टाकायचा जुना उपाय ड्रायव्हर मंडळींचा आवडता. बारीक भोक त्याने तात्पुरतं बुजतं, हे खरं आहे. पण हळद काही फक्त भोक शोधत जात नाही. हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसते. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळं काढून फ्लश करणार असाल तरच टाका.

पाणी कुठलं?

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण दरवर्षी परत येणाऱ्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

आपल्याकडे रेडिएटरमध्ये जातं ते बोअरचं पाणी. ढाब्यावरच्या टाकीतलं, शेतातल्या पाइपाचं, गॅरेजच्या बादलीतलं. काळ्या खडकातून आलेलं हे पाणी जड असतं. घरच्या गिझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्यावर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनात बसतो, आणि तिथे तो सर्वांत गरम जागी, म्हणजे हेडच्या आतल्या वाटांत, आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही धरतो. क्षाराचा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. गाडी तापते म्हणून आपण पाणी ओततो, त्या पाण्याने थर वाढतो, म्हणून गाडी आणखी तापते. वर नुसत्या पाण्याने लोखंड गंजतं आणि तांबूस गाळ सगळीकडे फिरतो. वॉटर पंपाची पाती त्यानेच खाल्ली जातात.

यावरचा उपाय कूलंट, म्हणजे पाणी गोठू आणि गंजू न देणारं, पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव. पण कूलंट म्हटलं की उत्तर ठरलेलं: "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?" धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, बर्फ होत नाही, मान्य. पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं आपल्याला बर्फापेक्षा जास्त कामाची आहेत. शिवाय निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंश उशिरा उकळतं, दाबाखाली १२५ च्या आसपास.

मात्र चांगलं म्हणून निव्वळ कूलंट भरू नका. उष्णता वाहून नेण्यात पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. कूलंटचं प्रमाण निम्म्यापेक्षा जास्त झालं की गाडी उलट जास्त तापते. बाजारात दोन प्रकारचे डबे मिळतात: पाणी मिसळून तयार असलेलं, आणि घट्ट, ज्यात पाणी आपण घालायचं. डब्यावर वाचून घ्या. घट्ट कूलंट तसंच ओतलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात, आणि तयार कूलंटमध्ये पुन्हा निम्मं पाणी घालणारे त्याहून जास्त. मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं. मागताना "बॅटरीचं पाणी" म्हणा आणि डब्यावर अॅसिड लिहिलेलं नाही ना ते बघा. तेही नसेल तर आरओचं चालेल, बोअरपेक्षा कितीतरी बरं.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपनीने घातलेला रंग असतो, आतलं रसायन त्यावरून खात्रीने ठरत नाही. दोन वेगळ्या जातीचं कूलंट मिसळलं तर कधी कधी जेलीसारखा गाळ होतो. आधी काय आहे माहीत नसेल तर सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, एकच भरा आणि त्याचा डबा गाडीत ठेवा. साध्या कूलंटचं आयुष्य साधारण दोन वर्षं धरा. जुनं कूलंट अंगणात किंवा गोठ्याजवळ सांडू नका. ते चवीला गोडसर असतं, कुत्रं-वासरू चाटतं, आणि ते विषारी आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकू का?

हा सल्ला तुम्हाला प्रत्येक दुसऱ्या गॅरेजमध्ये मिळेल. माझं मत: नाही. थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ अंशांना उघडतो, आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी नक्की तापते, आणि तेव्हा तो काढल्यावर फरकही पडतो, म्हणून हा उपाय लोकप्रिय. पण नवा थर्मोस्टॅट काही महाग नाही. तो नसला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओलावा राहून गाळ होतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटचीच खालची चकती बायपासची वाट बंद करते. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला टाळून आतल्या आतच फिरतं आणि गाडी आणखी तापते.

तपासणी घरी होते. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर असेल तर तोही. पाणी उकळायला येईपर्यंत तो चांगला उघडला पाहिजे, गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. पातेलं मात्र परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

पंप, पट्टा, पाइप

वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. त्यातून ओघळ किंवा वाळलेला पांढरा-हिरवा डाग दिसला तर सील गेलं. इंजिन बंद असताना पुली धरून हलवा. डुगडुगली तर बेअरिंग गेलं. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर दोन्ही एकदमच बदला, मजुरी एकदाच लागते. बाहेरच्या पट्ट्यावर असेल तर पट्टा अंगठ्याने दाबून साधारण सेंटिमीटरभर आत गेला पाहिजे, जास्त गेला तर घसरतो. पाइप दाबल्यावर करकरले किंवा टोकाला फुगले असतील तर गळायची वाट बघू नका. क्लिपा चांगल्या प्रतीच्या घ्या, तारेने आवळलेला पाइप घाटातच निसटतो.

गॅस किट बसवलेल्या गाड्यांसाठी एक जास्तीची जागा: किटच्या रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम ठेवायला इंजिनचं पाणी तिकडे नेलेलं असतं, हीटरच्या पाइपांत टी-जोड घालून. म्हणजे चार-सहा नवे सांधे, बहुतेक वेळा बॅटरीच्या मागे किंवा दिसणार नाहीत असे. पाणी कमी होतं पण गळती सापडत नाही, अशा किटवाल्या गाडीत आधी तिथे हात घाला. हवा अडकायलाही ही जागा उत्तम.

हवा अडकणं म्हणजे एअर लॉक. कूलंट बदलल्यावर "काल काम केलं आणि आज जास्तच तापते" याचं हे नेहमीचं कारण. गाडीचं नाक चढावर करा, थंड असतानाच कॅप काढा, हीटर गरमवर, इंजिन सुरू. पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत पातळी बघत भरत राहा, पाइप मधूनमधून दाबा. मग कॅप लावा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पुन्हा पातळी बघा, थोडी उतरलेली असतेच.

हेड गॅस्केट: शेवटी, पण टाळू नका

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर, सायलेन्सरमधून थांबत नाही असा पांढरा धूर, कॅप काढून थंड इंजिन सुरू केल्यावर सतत येणारे बुडबुडे. यातलं एखादं लक्षण एकटं असेल तर घाबरू नका. थंडीत रोज दोन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्याच्या झाकणाखालीही ओलाव्याने तसा थर येतो. दोन-तीन एकत्र दिसली तर बहुधा पॅकिंग उडालंय. खात्रीसाठी काही गॅरेजांत निळ्या द्रवाची तपासणी करतात: रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्यातून ओढतात, द्रव पिवळा पडला तर जळालेला वायू पाण्यात येतोय.

हेड उघडलं की नुसतं पॅकिंग बदलून बंद करू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेड सपाट आहे का ते तुमच्या समोर तपासायला सांगा. चालणारा वाक मिलिमीटरच्या शंभरांशांत मोजतात, डोळ्यांनी दिसत नाही. वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. आधी एकदा फेसिंग झालेलं असेल तर किती जाडी उरलीय ते विचारा, मर्यादेपलीकडे घासलं की नवं हेडच लागतं. परत बसवताना बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. "हाताचा अंदाज आहे आपला" म्हणणाऱ्या मिस्त्रीचा अंदाज खरंच चांगला असेलही, पण हे काम टॉर्क पाना असलेल्याकडेच द्या. आणि ज्या कारणाने हेड वाकलं ते, म्हणजे बुजलेला रेडिएटर किंवा मेलेला पंखा, त्याच वेळी दुरुस्त करून घ्या. नाहीतर नवं पॅकिंग पुढच्या आखाजीपर्यंतच.

हे सगळं ठीक असून काटा चढत असेल तर इंजिनवरचा भार बघा. ब्रेक चिकटून राहतोय का: थोडं चालवून चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या, एखादं फार गरम असेल तर तिथे. डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे राहिलं तरी इंजिन तापतं आणि ओढ कमी होते. घाट चढताना तिसऱ्यात रडत जाण्यापेक्षा दुसऱ्यात जरा जास्त फेऱ्यांवर चढा. फेरे वाढले की पंपही जास्त पाणी फिरवतो. लळिंगसारख्या छोट्या चढाला एवढं लागत नाही, पण कन्नडच्या घाटात गाड्यांच्या रांगेत अडकलात तर पायथ्यालाच एसी बंद केलेला बरा. वर पोचल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटं इंजिन तसंच सुरू ठेवा, पंखा थांबला की बंद करा.